लाईट येऊन-जाऊन घराचं ऑटोमेशन बिघडलं? शोध या क्रमाने घ्या

वळवाचं वारं सुटलं, लाईट चार-पाच वेळा ये-जा करून एकदाची आली, की अर्ध्या तासात माझा फोन वाजतो. मागच्या वेळी परभणीहून मावसभाऊ होता. “दादा, काहीच चालंना झालंय. टीव्ही नाही, बोर्ड नाही. सगळं रिसेट मारून बघितलं मी.”

त्याचं शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. त्याच्याकडे मूळ बिघाड एवढाच होता की राउटरने हबला (घरातल्या सगळ्या वस्तू चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला नंबर, दिला होता. पाच मिनिटांचं काम. पण राउटरला फॅक्टरी रिसेट मारल्याने वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही पुसले गेले, चौदा स्विच नेटवर्कबाहेर पडले, आणि मग एकेक स्विच ॲपमधून उडवून पुन्हा जोडायच्या नादात ऑटोमेशनमधली नावंही बदलली. रविवार त्यातच गेला.

चूक सगळीकडे हीच होते. माणूस ॲपपासून सुरू करतो, कारण हातात फोन असतो. बिघाड मात्र खालून वर येतो. आधी लाईट, मग नेटवर्क, मग हब, मग स्विच, मग ऑटोमेशन, आणि टीव्ही-पिक्चरचा भाग त्यानंतर. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यावरच बिघाड सापडतो.

खाली मी धरून चाललोय ती मांडणी आपल्याकडे सर्रास दिसणारी आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घर चालवणारं सॉफ्टवेअर (हा झाला हब), टास्मोटा हे सॉफ्टवेअर टाकलेले वायफाय स्विच, झिगबी या वायफायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीने बोलणारे चार-दोन सेन्सर, आणि टीव्हीला पिक्चर दाखवणारं कोडी किंवा जेलीफिन, मागे पिक्चरची हार्ड डिस्क. (पाय म्हणजे रास्पबेरी पाय. आमच्या आईला अजून वाटतं मी फोनवर कुणाच्या तरी दुखऱ्या पायाबद्दल बोलतोय.)

तयारी: बिघाड होण्याआधी करून ठेवायची

एक वही करा. फोनमधली नको, कागदाची, कारण ती लागते तेव्हा बहुधा नेट नसतं. त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर लिहा, लहान-मोठी अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. राउटरच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड, हबचा आणि प्रत्येक स्विचचा आयपी आणि मॅक पत्ता (मॅक म्हणजे वस्तूचा कारखान्यातूनच आलेला नंबर), स्विच कोणत्या बोर्डात आहे, आणि तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे की सरळ मेनवर, हेही लिहा. हा शेवटचा रकाना कोणीच लिहीत नाही, आणि दुसऱ्या टप्प्यात सगळ्यात जास्त तोच लागतो.

सामान फार लागत नाही. साधा मल्टीमीटर, लाइन टेस्टर, पायचा एक जास्तीचा खात्रीचा ॲडॉप्टर, दोन-तीन मीटर लॅन केबल, आणि चालू स्थितीतलं दुसरं मेमरी कार्ड.

होम असिस्टंटचा बॅकअप पायवरच पडून असेल तर तो बॅकअप नव्हे. तो लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. नव्या आवृत्त्यांत आपोआप होणारा बॅकअप एनक्रिप्ट केलेला असतो आणि त्याची चावी ‘इमर्जन्सी किट’ नावाच्या फाइलमध्ये मिळते. ती फाइलही वेगळी ठेवा. चावीविना बॅकअप म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

टप्पा १: कशालाही हात न लावता दहा मिनिटं

लाईट आल्याबरोबर तपासायला बसू नका. स्विच काही सेकंदांत जागा होतो, पायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, फायबरचा डबा आणि राउटर याहूनही वेळ घेतात. राउटर तयार होण्याआधी होम असिस्टंट उठलं तर अर्ध्या गोष्टी लाल दिसतात आणि थोड्या वेळाने आपोआप हिरव्या होतात. चहा टाका.

दहा मिनिटांनंतरही रडगाणं चालूच असेल तर वहीत लिहा: काय चालतंय आणि काय चालत नाही. दोन्ही. बंद पडलेल्या वस्तूंमध्ये समान काय आहे हे या यादीतच दिसतं. सगळे वायफाय स्विच गेले आणि झिगबी चालू असेल तर वायफाय बघा. फक्त वरच्या मजल्यावरचं सगळं गेलं असेल तर त्या मजल्याची लाइन किंवा सिग्नल. एकच स्विच गेला असेल तर थेट टप्पा ६.

होम असिस्टंटमधले दोन शब्दही वेगळे ओळखा. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे वस्तूशी संपर्कच नाही. ‘अननोन’ म्हणजे संपर्क आहे, पण तिने अजून काही कळवलेलं नाही. दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा वाट पाहणं हेच औषध असतं.

> सावधान: या टप्प्यावर रिसेट, डिलीट, री-पेअर (म्हणजे पुन्हा जोडणं) आणि अपडेट ही चार बटणं निषिद्ध. अपडेट तर मुळीच नको. आजारी बैलाला बाजार दाखवू नये.

टप्पा २: लाईट

‘लाईट आहे की’ हे उत्तर पुरेसं नाही. किती आहे, कोणत्या लाइनवर आहे, आणि पाच व्होल्टच्या टोकाला किती पोचतेय, हे बघायचं.

*पहिलं, घरात येणारं व्होल्टेज.* प्लगमध्ये मल्टीमीटर घाला. २३० च्या आसपास हवं. संध्याकाळी गावात मोटारी सुरू झाल्या की ते बरंच खाली येतं. बहुतेक ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे डीम लाईटने त्यांचं फारसं बिघडत नाही. धोका उलट बाजूचा आहे. डीपीवर किंवा वाटेत कुठे न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं.

> सावधान: बल्ब एकाएकी पांढरे फटक पडले, पंखा सुसाट सुटला, तर तपासत बसू नका. मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा.

*दुसरं, इन्व्हर्टर.* राउटर इन्व्हर्टरवर आणि पाय मेनवर, किंवा उलट, ही मांडणी निम्म्या बिघाडांचं मूळ असते. राउटर, फायबरचा डबा, पाय आणि हार्ड डिस्क ही चार मंडळी एकाच लाइनवर हवीत, म्हणजे जातील तर एकत्र आणि उठतील तर एकत्र. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर अदलाबदलीला जरा वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, पण पाय तेवढ्यात रिबूट होतो. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर काही स्विच त्यावर घुंघुं करतात किंवा आपोआप चालू-बंद होतात. ते स्विच मेनवर घ्या किंवा इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या, तिसरा इलाज मला सापडलेला नाही.

*तिसरं, पायचा ॲडॉप्टर.* मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालणारा पाय दिवसभर चालतो आणि डिस्क जोडून पिक्चर लावला की कोसळतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर हवेत, पाय ५ ला ५ अँपिअर. ‘माझा चार्जर ६५ वॅटचा आहे’ म्हणून सुटका नाही. असे चार्जर जास्त वॅट देतात ते ९, १५ किंवा २० व्होल्टवर. पाच व्होल्टवर बहुतेक ३ अँपिअरलाच थांबतात.

> तपासा: होम असिस्टंटमध्ये ‘रास्पबेरी पाय पॉवर सप्लाय चेकर’ हा सेन्सर आपोआप आलेला असतो, तो अडचण दाखवतोय का बघा. साध्या रास्पबेरी पाय ओएसवर ‘गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा चालवली तर शून्य यायला हवं. ५०००० आलं तर मागे कधीतरी व्होल्टेज पडून वेग कमी झाला होता. ५०००५ म्हणजे आत्ता, या क्षणीही तसंच आहे. पायच्या लेखी ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की कमी.

*चौथं, उष्णता.* एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला सहज टेकतो. पत्र्याच्या खोलीत, कपाटावर, डिस्कच्या शेजारी ठेवलेला पाय ८० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. ‘दुपारीच पिक्चर अडकतो, रात्री नाही’ अशी तक्रार असेल तर सॉफ्टवेअर बघू नका. पाय खाली, भिंतीच्या सावलीत आणा आणि छोटा पंखा लावा.

टप्पा ३: राउटर आणि आयपी पत्ते

फोनचं मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप त्यावरून जातो आणि तुमची फसगत करतो. आता फोनचा आयपी पत्ता बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. अशा वेळी राउटर एकदा बंद करून चालू करा. बंद-चालू करणं म्हणजे रिसेट नव्हे. मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका.

मग ब्राउझरमध्ये हबचा पत्ता आणि पुढे ८१२३ हा पोर्ट टाका. पान उघडलं तर हब जिवंत आहे. नाही उघडलं तर राउटरच्या ॲडमिन पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी काढा आणि वहीतल्या मॅक पत्त्याशी ताडून बघा. हब यादीत आहे पण पत्ता वेगळा, तर माझ्या मावसभावाचाच बिघाड. राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ शोधा (काही राउटर त्याला ‘ॲड्रेस बाइंडिंग’ म्हणतात) आणि हबला त्याचा जुना पत्ता कायमचा बांधून द्या. हब, एमक्यूटीटी सर्व्हर (हब आणि स्विच यांच्यात निरोप पोचवणारा), टीव्ही आणि प्रत्येक स्विच, सगळ्यांना. तासभर लागेल, पण एकदाच.

दुसरी फार दिसणारी गडबड म्हणजे घरात दोन राउटर. केबलवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय असतं, आणि आपण वरून आपला राउटर लावतो. एक १९२.१६८.१ चे पत्ते देतो, दुसरा १९२.१६८.० चे. फोन एकावर, टीव्ही दुसऱ्यावर. दोघांनाही नेट आहे, दोघंही एकमेकांना दिसत नाहीत.

> तपासा: फोन, टीव्ही आणि हब यांच्या आयपीचे पहिले तीन आकडे सारखे आहेत का? नसतील तर फायबरच्या डब्याचं वायफाय बंद करा, किंवा आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही. आणि टीव्ही ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, हेही बघा.

राउटर जळालाच असेल तर एक युक्ती सोन्यासारखी आहे. नव्या राउटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनंच द्या. सगळे स्विच आपापले परत येतात, एकालाही हात लावावा लागत नाही. सुरक्षेचा प्रकार मात्र निव्वळ डब्ल्यूपीए३ ठेवू नका, बऱ्याच जुन्या स्विचना तो कळत नाही.

टप्पा ४: वायफाय आणि झिगबीची भांडणं

हे स्विच २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरमध्ये चॅनल ‘ऑटो’ असेल तर लाईट आल्यावर राउटर दर वेळी नवा चॅनल निवडू शकतो, आणि तो १२ किंवा १३ निघाला तर काही स्विचना राउटर दिसतच नाही. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायम करा.

झिगबीही त्याच पट्ट्यात बोलतं, पण त्याचे चॅनल ११ ते २६ असे वेगळे मोजतात. आकडे सारखे दिसतात म्हणून घोटाळा होतो. वायफायचा १ हा झिगबीच्या साधारण ११ ते १४ वर पडतो, ६ हा १६ ते १९ वर, ११ हा २१ ते २४ वर. म्हणून झिगबीला १५, २० किंवा २५ द्यावा. आधीच चालू असलेल्या झिगबीचा चॅनल बदलताना मात्र दोनदा विचार करा, काही वस्तू पुन्हा जोडाव्या लागतात. त्यापेक्षा वायफायचा चॅनल हलवणं सोपं.

झिगबीचा डोंगल (झिगबीशी बोलणारी यूएसबी काडी) पायच्या निळ्या यूएसबी पोर्टात थेट खुपसू नका. यूएसबी ३ आणि त्यावरची हार्ड डिस्क नेमका २.४ गिगाहर्ट्झवरच गोंगाट करतात. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल लांब टांगा. पन्नास-शंभर रुपयांच्या वायरने सुटलेले झिगबीचे बिघाड मी इतके पाहिलेत की आता घरात शिरल्यावर आधी तिकडेच बघतो.

माळवदाच्या घरांचं वेगळंच आहे. औश्याजवळ मामांच्या घरी भिंती दोन-अडीच फुटी, दगड-मातीच्या. राउटर ओसरीत, मागच्या खोलीतला स्विच दर दहा मिनिटांनी मरायचा. टास्मोटाच्या माहिती-पानावर सिग्नल उणे ८४ दाखवत होता. हा आकडा उणे ६७ किंवा त्याहून वर असला तर उत्तम, उणे ७५ पर्यंत कसंबसं, ८० च्या पुढे नाद सोडा. मामांनी आधी दोन रिपीटर आणून लावले होते. अशा भिंतीपलीकडे रिपीटर ठेवला तर त्यालाच सिग्नल मिळत नाही. तो पुढे काय वाटणार? शेवटी माळवदावरून लॅन केबल नेऊन मागच्या खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. “हे आधी सांगायचं की रे भाच्या,” मामा म्हणाले. सांगितलं होतं.

> तपासा: झिगबीचा बल्ब भिंतीवरच्या बटनाने कोणी बंद तर केला नाही ना? लाइनवर चालणाऱ्या झिगबी वस्तू बाकीच्यांचे निरोप पुढे पाठवतात. बॅटरीवरच्या पाठवत नाहीत. मधला बल्ब मेला की त्याच्या पलीकडचे सेन्सर मुके होतात.

टप्पा ५: हब

पाय उठतो पण पान उघडत नाही, किंवा जुन्या तारखेचीच माहिती दाखवतो, तेव्हा संशयित क्रमांक एक मेमरी कार्ड. होम असिस्टंट प्रत्येक बदलाची नोंद सतत कार्डावर लिहीत राहतं आणि मूळ सेटिंगमध्ये दहा दिवसांचा इतिहास ठेवतं. त्या लिहिण्याच्या मधोमध लाईट गेली की फाइल अर्धी राहते. जास्तीचं कार्ड घाला, बॅकअप चढवा, चाललं तर जुनं कार्ड कचऱ्यात. फॉरमॅट करून पुन्हा वापरायचा मोह आवरा. कायमचा उपाय एसएसडी.

दुसरा संशयित घड्याळ. पाय ४ आणि त्याआधीच्या पायना स्वतःचं चालतं घड्याळ नाही. पाय ५ ला आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वेळ नेटवरून येते. आता गल्लीत लाईट आली, पण केबलवाल्याच्या डब्याला आली नाही, तर तुमचा हब कालच्या वेळेत जगत असतो. अंगणातला दिवा मध्यरात्री लागतो, आणि बाहेरच्या सेवा ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणून नकार देतात. माणूस पासवर्ड बदलत बसतो. आधी वेळ बघा.

लॉग, म्हणजे हबची घडामोडींची नोंद, वाचताना सगळ्यात खालची ओळ वाचू नका. लाईट आल्यानंतरची पहिली चूक शोधा, पुढच्या शंभर ओळी बहुधा तिचीच पिलावळ असते.

टप्पा ६: एकेक स्विच

होम असिस्टंट बाजूला ठेवून स्विचचा आयपी थेट ब्राउझरमध्ये उघडा आणि तिथलं बटन दाबा. दिवा लागला तर स्विच, वायरिंग, वायफाय तिन्ही निर्दोष. बिघाड हब आणि स्विच यांच्यामधल्या एमक्यूटीटीत आहे, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता तपासा. स्विचमधला रिले (दिवा चालू-बंद करणारा आतला खटका) ‘टक्’ वाजतो पण दिवा लागत नाही, तर वायरिंग किंवा दिवा. ‘टक्’ही नाही, तर स्विचपर्यंत लाईट पोचतेय का ते बघा.

आता ती गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे लोकांचे स्विच दर पावसाळ्यात आपोआप कोरे होतात. टास्मोटात एक सोय आहे: स्विच सात वेळा लागोपाठ झटपट बंद-चालू झाला तर तो सगळी सेटिंग पुसून पहिल्यासारखा होतो. अडकलेला स्विच सोडवायला ही सोय केलेली. आपल्याकडे वाऱ्यात तारा एकमेकींना लागल्या की ती आपोआप वापरली जाते! स्विचच्या पानावरच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या जागी) ‘सेटऑप्शन ६५’ ला १ द्या, सोय बंद होते. कंपनीच्या ॲपवर चालणाऱ्या बऱ्याच बल्बांचं तर तीन वेळांतच होतं. बल्ब लुकलुकत राहिला म्हणजे तो पेअरिंगला बसलाय. तो खराब नाही.

दुसरं सेटिंग ‘पॉवरऑनस्टेट’, म्हणजे लाईट आल्यावर स्विचने काय करायचं. मूळ किंमत ३ असते: गेल्या वेळी जसा होता तसा हो. दिव्यांना चालेल. मोटारीला कधीही नाही. तिथे ० हवं.

हे मी पैसे मोजून शिकलो. बोरची मोटर बंद करायचं काम माझ्या हबकडे होतं: टाकी भरली की सेन्सर कळवणार, हब मोटर पाडणार. एका रात्री लाईट गेली, तीनच्या सुमारास आली. मोटर ‘गेल्या वेळी चालू’ होती म्हणून चालू झाली. हब मात्र कार्ड खराब होऊन उठलाच नाही. टाकी भरली, वाहिली, अंगणात तळं झालं, मग बोरचं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरली. सकाळी सहाला वडिलांनी उठवलं ते एवढंच म्हणून, “तुझं ऑटोमॅटिक बघ जरा.” मोटर वर काढून वाइंडिंग करून आणेपर्यंत आठवडा गेला, आणि उन्हाळ्यात बोरविना आठवडा म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायची गरज नाही.

तेव्हापासून मोटारीला तीन कड्या आहेत. पॉवरऑनस्टेट ०. ‘पल्सटाइम’ १३००, म्हणजे चालू झाल्यावर १२०० सेकंदांनी, २० मिनिटांत, स्विच स्वतःच पडतो, हब मेला तरी (दिलेल्या आकड्यातून १०० वजा करायचे असतात). आणि टाकीत साधा फ्लोट स्विच, ज्याला ना वायफाय लागतं ना अक्कल.

> सावधान: १० अँपिअरचा वायफाय रिले मोटारीला थेट जोडू नका. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, रिलेची टोकं चिकटतात आणि मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसत असताना मोटर चालूच राहते. रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटारीचा करंट पेलणाऱ्या मोठ्या खटक्याची) कॉइल चालवायची. हे काम मेन पाडून आणि वायरमनकडूनच करून घ्या.

वायरिंगमधली एक चूक सांगून पुढे जातो. नवीन स्विचला न्यूट्रल लागतो. बोर्डात प्लग असेल तर न्यूट्रल तिथे असतोच. पण फेज इन्व्हर्टरच्या लाइनचा आणि न्यूट्रल शेजारच्या दुसऱ्या सर्किटचा असं जुळवलं, की आरसीसीबी (करंटची गळती दिसली की पडणारा सुरक्षेचा स्विच) पडत राहतो आणि दोष बिचाऱ्या स्विचला मिळतो. आणि रिलेच्या पुढे पंख्याचा रेग्युलेटर जसा आहे तसा राहू दे, पण रेग्युलेटरच्या पुढे वायफाय स्विच कधीही नको.

टप्पा ७: ऑटोमेशन

इथवर सगळं ठीक असेल तरच हा टप्पा. ऑटोमेशन उघडून ‘ट्रेसेस’ बघा. शेवटच्या पाच वेळा ते कुठवर गेलं हे तिथे आकृतीत दिसतं. ट्रेसच नसेल तर ते सुरूच झालं नाही, ट्रिगर (ते सुरू करणारी घटना) तपासा. मध्येच थांबलं असेल तर अट आडवी आली. शेवटपर्यंत गेलं पण दिवा लागला नाही, तर मागे टप्पा ६ ला या. स्विच उडवून पुन्हा जोडला असेल तर त्याच्या नावाला ‘_२’ असं शेपूट लागतं आणि ऑटोमेशन जुन्या नावालाच हाका मारत राहतं.

सूर्यास्ताला लागणारे दिवे उशिरा लागत असतील तर घराचं ठिकाण बघा. व्हिडिओ बघून मुंबईचे अक्षांश-रेखांश टाकलेले लोक मी पाहिलेत. लातूर मुंबईच्या पूर्वेला साडेतीन-पावणेचार अंश आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचा फरक. नांदेडला आणखी थोडा जास्त.

टप्पा ८: टीव्ही आणि पिक्चर

‘पिक्चर लागत नाही’ या तक्रारीत तीन वेगळ्या वस्तू असतात: डिस्क, सर्व्हर आणि टीव्हीवरचा प्लेअर. त्या सुट्या करा. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावा. तिथेही अडकली तर फाइलच खराब.

*डिस्क.* लाईट गेल्यावर विंडोजच्या पद्धतीची, एनटीएफएस डिस्क ‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण बाळगते. मग लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतो किंवा उघडतच नाही. विंडोजच्या लॅपटॉपला लावून ‘एरर चेकिंग’ करा आणि ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा. पिक्चर यादीत दिसतात पण सगळे रिकामे, तर डिस्कचं नाव बदललंय. जोडणीच्या फाइलमध्ये (लिनक्समधली ‘एफएसटॅब’) डिस्क ‘यूयूआयडी’ने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने, लिहा आणि पुढे ‘नोफेल’ हा शब्द टाका. तो नसेल तर डिस्क सापडली नाही म्हणून पाय बूट होतानाच अडून बसतो. मोठ्या डिस्कला तिचा स्वतःचा ॲडॉप्टर असलेलाच बरा.

*सर्व्हर.* पिक्चर चालू असताना जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बघा: ‘डायरेक्ट प्ले’ लिहिलंय की ‘ट्रान्सकोड’. ट्रान्सकोड म्हणजे पाय फाइल चालता चालता दुसऱ्या रूपात बदलतोय, आणि ते त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. पाय ५ मध्ये तर व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाही. महागडा पाय घेऊनही फरक पडत नाही तो म्हणून. कारणही तिथेच लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा चित्ररूप सबटायटल हेच कारण निघतं. ती बंद करा, साधी एसआरटी, म्हणजे मजकुराची फाइल, लावा. मराठी-हिंदी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि प्लेअरचा फॉन्ट बदला.

*टीव्ही.* पाय ४ आणि ५ ला दोन एचडीएमआय पोर्ट आहेत. पॉवरच्या पिनजवळचा वापरा. एकाच रिमोटने सगळं चालणं अचानक थांबलं तर टीव्हीत सीईसी (एचडीएमआय केबलवरून एकमेकांना रिमोटचे निरोप देण्याची सोय) बंद झालेलं असतं. ते त्या नावाने सापडणार नाही: सॅमसंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिम्पलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. टीव्ही प्लगमधून काढून पाच मिनिटं थांबा, मग लावा. रिमोटने बंद केल्याने सीईसीचा गुंता सुटत नाही. साउंडबारला आवाज नसेल तर केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टातच आहे ना बघा. आवाज येतो पण मागचे स्पीकर गप्प, तर टीव्हीचं ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर आहे, ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा.

अलेक्साबद्दल एकच: ती हिंदी-इंग्रजीवर वाढलेली आहे. ‘देवघर’ आणि ‘मोरी’ अशी नावं दिलीत तर आरडाओरडा तुमचा, करमणूक शेजाऱ्यांची.

टप्पा ९: बाहेरगावाहून न दिसणं

घरात सगळं चालतं, बाहेरून नाही, तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेटच्या कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुमची कंपनी एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतेय. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून हबकडे वाट देणं) कितीही केलं तरी उपयोग नाही. बाहेरून घरच्या नेटवर्कशी खासगी जोडणी करून देणारी टेलस्केलसारखी सोय वापरा.

शेवटची चाचणी: मेन पाडून बघा

दुरुस्त झालं म्हणून वही मिटू नका. आधी बोरच्या मोटारीचं पॅनल बंद करा. फोनमध्ये बिलं भरणं वगैरे काही चालू नाही ना बघा, घरात कोणी लिफ्टमध्ये किंवा मिक्सरपाशी नाही ना बघा, पाय आणि डिस्क मेनवर असतील तर त्यांना रीतसर बंद करायची आज्ञा द्या, आणि मेन स्विच पाडा. पाच मिनिटांनी वर करा. कोणती वस्तू किती मिनिटांत परत आली हे वहीत लिहा. इन्व्हर्टरवरच्या वस्तू हलल्याही नसाव्यात. हलली ती चुकीच्या लाइनवर आहे.

दुसऱ्या फेरीत फक्त एका दिव्याच्या सर्किटचा एमसीबी आठ वेळा पटापट खाली-वर करा, वाऱ्यात लाईट करते तसा. त्या सर्किटवरचा टास्मोटा स्विच त्यानंतरही जुन्याच नावाने वायफायला आला तर ‘सेटऑप्शन ६५’ बसलंय. ‘टास्मोटा’ने सुरू होणारं नवं वायफाय फोनमध्ये दिसलं, तर तुमचा एक स्विच विसरून राहिलाय. तिसऱ्या फेरीला मोटारीचं पॅनल चालू करा, मोटर चालू असताना हब रीतसर बंद करून त्याची पिन उपसा, आणि घड्याळ लावून वीस मिनिटं टाकीपाशी उभे राहा.